झाडावरचे पांढरे डाग

नकुरू, केनिया
ता. ६ ऑगस्ट १९६१

चि. मथू,

आशीर्वाद. मामांना आणि माझ्या आईला नमस्कार सांग. सोबत एका रोलाच्या निगेटिव्ह पाठवतोय, बारा आहेत. जपून ठेव, रजिस्टर केलंय.

मागच्या रविवारी शेठच्या पाहुण्यांबरोबर जीपनं वर डोंगरात गेलो होतो. आमच्या लाकडाच्या गिरणीला जिथनं ओंडके येतात, त्याच्याही वर. त्या जंगलात एक जात राहते. बाकीचे लोक त्यांना डोरोबो म्हणतात. म्हणजे गुरं नसलेला, भिकारडा. ते स्वतःला ओगिएक म्हणवतात. शेती नाही, गुरं नाहीत. मध खातात, रानातलं मारून खातात. आणि थंडी अशी की आपल्या बंगळूरचा डिसेंबर म्हणजे उन्हाळा.

मला वाटलेलं, अंगावर कातडं, हातात धनुष्य, असं काहीतरी बघायला मिळेल. तर म्हातारा आला तो कुठल्यातरी सोल्जरचा जुना ओव्हरकोट घालून! वरपर्यंत बटणं लावलेली. पाहुणे म्हणाले, "ह्याला बघायला एवढं लांब आणलंत होय? असले पेन्शनर आमच्या राजकोटात गल्लीगल्लीत आहेत." सगळे हसले. माझी लाज गेली, कारण जाऊ या म्हणणारा मीच.

दुभाष्याला म्हटलं, त्याला कोट काढायला सांग. म्हातारा कबूल होईना. शेवटी म्हणाला, काढतो, पण आधी माझ्या झाडांपाशी माझे फोटो घ्या. झाडांपाशी! दोन तास फिरवलं गं थेरड्यानं. नऊ झाडं. प्रत्येक झाडाखाली खोडावर हात ठेवून ताठ उभा. दुभाषा चिखलात दोनदा पडला, शेवटी तो भाषांतर करायचंच सोडून शिव्या द्यायला लागला. फोटो मला पाहिजेत, असं म्हातारा बजावत होता. हो म्हटलं. मग उतरवला कोट एकदाचा. शेवटचे तीन फोटो ते. खरे म्हणशील तर तेवढेच.

इथं रोल धुऊन मिळतो, पण तुझ्यासारखा रिटचिंगचा, डागवण मिटवायचा हात कुणाला नाही. दहा, अकरा, बारा नंबर छान कर. अकरामधे मागं पत्र्याचं छप्पर दिसतंय, ते घालव. बारामधे त्याच्या पायात टायरची चप्पल आहे, तीही घालव. तू तिथं स्टुडिओत काळ्या मुलींना गोरं करतेस, ह्याला अजून थोडा काळा कर. इथल्या एका इंग्रजी मासिकाला पाठवायचेत.

पहिल्या नऊंचं काही नाही. हात बसवायला घे पाहिजे तर.

तुझा,
उपेंद्रदादा

~

बाळेपेठ, बंगळूर
ता. २९ ऑगस्ट १९६१

प्रिय उपेंद्रदादास,

मथुराचा नमस्कार. रोल पोचला. भागूआत्या गल्लीभर सांगत सुटलीय, "आमचा उपेंद्र तिथं वाघाशेजारी उभा राहून फोटो काढतो." बाबा म्हणाले, "तिथं वाघ नसतोच अक्का, सिंह असतो." तर म्हणते, "मग सिंहाशेजारी. माझ्या पोराला काय फरक पडतोय?"

दहा, अकरा, बारा झाले. प्रिंट सोबत आहेत. छप्पर गेलं, तिथं झाडी केली. चप्पल काढायला तीन दिवस लागले. बोटं मलाच काढावी लागली, कारण चपलेच्या आत बोटं कशी असतील ते दिसत नव्हतं. माझ्या बाबांची बघून काढली. त्यांना सांगू नकोस. काळा मात्र फार केला नाही. तोंड जायला लागलं.

आता एक गंमत. तुझा रोल कुणी धुतला? पहिल्या नऊ निगेटिव्हवर डाग आहेत. झाडाच्या फांदीपाशी लांबट, काकडीसारखे. निगेटिव्हवर काळे, म्हणजे कागदावर पांढरेफट्ट येणार. कुठं एक, कुठं दोन, चारमधे तर तीन. नरसिंहण्णांना दाखवले. ते स्टुडिओचे मालक, खुर्चीतनं न उठता म्हणाले, "हायपो सरी इल्ल, धुण्याचं औषध बरोबर नाही. धुणाऱ्याला अक्कल नाही." मला वाटलं, सगळे झाडावरच कसे पडले? विचारणार होते. पण ते गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि परत विचारायला मला जमत नाही. तुला ठाऊक आहे. सातवीत बाई म्हणायच्या, ही मुलगी तोंडात मूग नाही, पोतं धरून बसते. म्हणून तर शाळा सुटली. निगेटिव्ह बरी. ती काही विचारत नाही.

तू म्हणालास हात बसवायला घे, पण मी तुला छान करून द्यायचं ठरवलं. नऊ दिवस खिडकीपाशी बसले. पात्यानं एकेक डाग खरवडला, अगदी स्वल्प स्वल्प, आणि वर पेन्सिलीनं पानं भरली. एकसुद्धा राहिला नाही. नरसिंहण्णांनी भिंग लावून बघितलं, त्यांनाही कुठं होता ते सापडलं नाही. पहिल्यांदा मला "शभाष" म्हणाले.

ते आजोबा पासपोर्टच्या फोटोला उभे राहतात तसे उभे आहेत. श्वास धरून. त्यांचं नाव काय?

तुझी,
मथुरा

~

नकुरू
ता. २४ ऑक्टोबर १९६१

चि. मथू,

फोटो झकास! मासिकानं बारावा घेतला, जानेवारीत छापणार. शेठनं पाठीवर थाप मारली. तुझं पत्र गिरणीच्या घाईत वाचलं, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

एक काम निघालंय. त्या म्हाताऱ्याचा नातू आला होता. किप्रोनो. मिशनच्या शाळेत शिकलेला, तुझ्याच वयाचा असेल. दारात उभा राहून इंग्रजीत म्हणतो, "सर, आजोबांचे नऊ फोटो न्यायला आलो." मी विसरूनच गेलो होतो. आजोबाचं नाव अराप सामोएई म्हणे. तू विचारलं होतंस.

भानगड अशी. जंगलखातं ते जंगल तोडून तिथं सरू लावणार आहे, आणि ह्या लोकांना लॉरीत घालून खाली माळावर नेऊन सोडणार आहे. साहेब म्हणतो, तुम्ही भटके, तुमचं इथं काय आहे दाखवा. ह्यांच्याकडं ना घर ना कागद. आहेत ती फक्त मधाची झाडं. लाकूड कोरून पोकळ नळकांडं करतात आणि वर फांदीत बसवतात, त्यात माशा येतात. बापाकडनं मुलाकडं झाड येतं, दुसरा कुणी हात लावत नाही. आपला सातबारा तसं त्यांचं हे. म्हातारा मला त्यासाठीच फिरवत होता, हे मला आता कळलं. उन्हात ती नळकांडी पांढरी चकाकतात, फोटोत नक्की आली असतील.

आणि झाडं दाखवायला न्यावं तर ती राहिली नाहीत. कटाई सुरू झाली. नऊतली नऊ पडली. ओंडके आमच्याच गिरणीत आलेत. म्हणजे आता तुझ्याकडच्या निगेटिव्ह सोडल्या तर ती झाडं कुठंही नाहीत.

चार डिसेंबरला साहेबापुढं सुनावणी आहे. नऊंचे मोठे प्रिंट करून लगेच विमानानं पाठव. चाळीस माणसं आहेत म्हणे त्यांची. नातू दर आठवड्याला दारात येऊन उभा राहतो, शेठला ते आवडत नाही. फोटो दिले की सुटलो.

तुझा,
उपेंद्रदादा

~

बंगळूर
ता. ८ नोव्हेंबर १९६१

प्रिय दादास,

नमस्कार. पत्र मिळालं. नऊ प्रिंट आजच रजिस्टर केले. नळकांडी दिसतायत.

मला थोडी सर्दी आहे म्हणून जास्त लिहीत नाही. नळकांडं साधारण केवढं असतं? हाताएवढं? दोरीनं बांधतात की नुसतं ठेवतात? सहज विचारलं. उत्तर यायच्या आत फोटो पोचतीलच म्हणा.

आजोबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मथुरा

~

नकुरू
ता. १० डिसेंबर १९६१

मथुरा,

काय केलंस तू?

सुनावणीला शेठच्या परवानगीनं गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो. खोलीत ती चाळीस माणसं, बायका पोरंसुद्धा, सगळी भिंतीला टेकून उभी. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हातारा पुढं, कोटाची बटणं लावून. नातवानं नऊ फोटो टेबलावर मांडले. साहेबानं चष्मा काढला, भिंग घेतलं. पहिला फोटो बघितला. दुसरा. मग कारकुनाला बोलावलं आणि हसला. म्हणाला, "हे पेन्सिलीनं काढलंय. आणि बाजूची पानंसुद्धा."

नातू म्हणाला, नाही सर, खरी आहेत. साहेबानं भिंग त्याच्याच हातात दिलं. "बघ. ऊन डावीकडनं आलंय आणि तुमच्या नळकांड्यावर उजवीकडनं पडलंय." पोरगं बघत राहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं गं. त्यानं भिंग आजोबाला दिलं. त्यानं ते उलटं धरलं, मग सुलटं धरलं, आणि चौथ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "हे माझं झाड आहे. पण हे माझं नळकांडं नाही. माझी इथं तीन होती."

तू दोनच काढलीस.

साहेब म्हणाला, म्हणजे तुमचाच माणूस सांगतोय खोटं आहे. मग त्यानं एकदा सगळ्या खोलीला विचारलं, "तुमच्या जातीबाहेरच्या कुणी ही झाडं डोळ्यानं बघितली आहेत का?" कुणीच बोललं नाही. दुभाषा कधीच मोम्बासाला पळाला. मग काय, खोटा पुरावा दिला म्हणून लिहून घेतलं. उद्या तो कागद सगळीकडं दाखवतील.

नातू बाहेर आल्यावर माझ्याकडं न बघता गेला. माझं नाक कापलं गेलं. मी तुला प्रिंट मागितले होते, चित्रं नाहीत.

उपेंद्र

~

बंगळूर
ता. २२ डिसेंबर १९६१

प्रिय उपेंद्रदादास,

मथुराचा साष्टांग नमस्कार.

मी ऑगस्टच्या पत्रात लिहिलं होतं. डाग काढले म्हणून. ते डाग नव्हते. तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचलं तेव्हा मला ते कळलं. लगेच स्टुडिओत जाऊन निगेटिव्ह काढल्या. पात्यानं खरवडलेलं परत येत नाही दादा. तिथं फिल्मच राहत नाही, नुसती काच असते तसं होतं. नरसिंहण्णांना विचारलं, काही करता येईल का? म्हणाले, "काढलास तू, आता हाक मार बघू, येतंय का."

तुला खरं सांगायला पाहिजे होतं. दोनदा लिहायला बसले. पण मला वाटलं, आधी जसं होतं तसंच तर परत काढायचं आहे. खरं होतं तेच काढतेय, खोटं काय त्यात? डाग कुठं होते ते आठवून आठवून काढले. चारमधे तीन होते हे मीच तुला लिहिलं होतं, आणि मीच विसरले. स्टुडिओत ऊन नेहमी उजवीकडच्या खिडकीतनं येतं. माझा हात तसाच गेला.

मी हे कुणाशी बोलले नव्हते. परवा शेजारच्या हेमलताबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या पुण्याच्या, त्यांचे मिस्टर संशोधनाच्या ऑफिसात आहेत.

"काय गं मथुरा, विरजण पाहिजे का?"

"नाही."

"मग?"

"माझ्याकडनं एक चूक झालीय. ती इंग्रजीत लिहून पाहिजे."

सगळं ऐकून त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "अगं, पण तू कशाला नाव देतेस? नोकरी जाईल." मी म्हटलं, लिहा. त्यांनी टाइप करून आणलं. त्यात असं आहे की मी मथुरा, वय सोळा, बाळेपेठ, बंगळूर. निगेटिव्हमधली नळकांडी मी डाग समजून खरवडली आणि नंतर हातानं काढली. अराप सामोएई आणि त्यांच्या नातवाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. खोटं त्यांनी केलं नाही, मी केलं. खाली माझी सही आहे. नरसिंहण्णांचीही आहे. त्यांनी सही करायच्या आधी मला पुष्कळ शिव्या दिल्या, पण केली. खरवडलेल्या नऊ निगेटिव्हही सोबत आहेत. उन्हाकडं धरल्या तर पात्याच्या रेघा दिसतात, आणि त्या रेघा नळकांड्याच्याच आकाराच्या आहेत. भिंग असलेल्या साहेबाला नक्की दिसतील.

साहेबाचा पत्ता मला माहीत नाही. म्हणून हे तुझ्याकडं पाठवतेय. तू एवढं त्याच्या टेबलावर नेऊन ठेव. मग मला आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
मथुरा

~

नकुरू
ता. २० जानेवारी १९६२

चि. मथू,

आशीर्वाद. रागात लिहून गेलो, मनावर घेऊ नकोस. तू अजून लहान आहेस, चुका होतात.

तुझा कागद आणि निगेटिव्ह मिळाल्या. माझ्या खणात जपून ठेवल्यात. साहेबाकडं नेल्या नाहीत. शेठना दाखवून विचारलं. ते म्हणाले, "उपेंद्रभाई, जंगलखात्याच्या लाकडावर आपली गिरणी चालते. तिथं जाऊन तुम्ही कुणाच्या बाजूनं उभे राहणार?" बरोबरच आहे. शिवाय इथं आता स्वराज्य येणार, आपल्या माणसांनी पुढंपुढं केलेलं कुणालाच आवडत नाही. मला नोकरी टिकवायची आहे, आईला इकडं आणायचं आहे.

आणि आता नेऊनही उपयोग नाही. नऊ तारखेला लॉऱ्या आल्या. सगळ्यांना खाली माळावर सोडलं. तिथं झाडच नाही, तर मध कुठला? म्हातारा लॉरीत चढेना, त्याला उचलून ठेवला म्हणे. मी बघितलं नाही, ऐकलं.

चांगली बातमी म्हणजे मासिक आलं. पूर्ण पान, सोबत पाठवतोय! खाली छापलंय, 'कापड न पाहिलेला अरण्यपुरुष.' तुझ्या बोटांचं सगळ्यांना कौतुक. पायाची बोटं तर अगदी खरी वाटतात.

मार्चमधे महिनाभर रजेवर येतोय. बंगळूरच्या आपल्या मंडळाच्या लोकांनी माझं व्याख्यान ठेवलंय, 'आफ्रिकेच्या अरण्यात'. दहा, अकरा, बारा मोठे करून ठेव, दाराएवढे. स्टेजवर लावू. तू पुढच्या रांगेत बस, फोटो कुणी केले ते मी सगळ्यांना सांगेन.

तुझा,
उपेंद्रदादा

~

बंगळूर
ता. ६ फेब्रुवारी १९६२

उपेंद्रदादास,

मथुराचा नमस्कार. पत्र पोचलं. आत्यानं मासिकाचं पान देवघराशेजारी लावलंय. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवते. मी त्या बाजूला जात नाही.

मोठे फोटो मी केलेले नाहीत आणि करणार नाही. नरसिंहण्णांनाही सांगितलंय, दादा आला तरी देऊ नका. ते म्हणाले, "सरी. निगेटिव्ह त्याच्या आहेत, माणूस त्याचा नाही." व्याख्यानाला मी येणार नाही.

माझी चूक मी धुऊन टाकतेय असं समजू नकोस. ती माझीच. आता रिटचिंगला बसले की निगेटिव्हवर काही दिसलं तर मी आधी विचारते. काल एका मुलीच्या गालावर खूण होती. तिच्या आईसमोर तिलाच विचारलं, ही तुझी आहे का, ठेवू? आईला राग आला. मुलगी म्हणाली, ठेवा. नरसिंहण्णा म्हणतात, अशानं गिऱ्हाईक जाईल. जाईल तर जाईल.

पण तुझं डिसेंबरचं पत्र मी परत परत वाचतेय. तेव्हा मला फक्त माझंच दिसत होतं. चारवर दोन काढली, ऊन उजवीकडचं घातलं, ह्याच्यापुढं मला काही वाचताच आलं नाही. आता वाचता येतंय.

साहेबानं सगळ्या खोलीला विचारलं, जातीबाहेरच्या कुणी ती झाडं डोळ्यानं बघितली आहेत का. तू लिहिलंस, कुणीच बोललं नाही. दुभाषा पळालेला होता, असंही लिहिलंस.

नऊ झाडांपाशी दोन तास तू फिरला होतास दादा. त्यांनी खोडावर हात ठेवला तेव्हा समोर तू होतास. फोटो खोटा ठरला तर ठरू दे, तू तर मागच्या बाकावर बसलेला होतास. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, मी बघितली. माझ्या कागदाची, निगेटिव्हची, पात्याच्या रेघांची, कशाचीच गरज नव्हती.

मार्चमधे घरी येशील. जेवायला वाढेन. आत्यासमोर काही बोलणार नाही. पण एकदा मागच्या दारी ये आणि मला सांग. ती चाळीस माणसं भिंतीला टेकून उभी होती, अराप सामोएईंनी मागं वळून बघितलं असेल, कारण खोलीत जातीबाहेरचा, त्यांना ओळखणारा तूच एकटा होतास.

त्यांनी बघितलं तेव्हा तू कुठं बघत होतास?

मथुरा